मैत्री क्लिनिक, साथिया गट आणि १४४१६ : मैत्रिणींचं दुःख उगाळणं यातलं काय थांबवतं?

विदर्भातल्या खेड्यात दहा ते एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना मनातलं घेऊन जायला सरकारी खात्याच्या तीन जागा आहेत. गावात आठवड्याला भरणारा साथिया गट (साथिया म्हणजे आपल्याच वयाच्या मुलांचा गट चालवणारी पोरगी किंवा पोरगा), आरोग्य केंद्रातलं मैत्री क्लिनिक आणि टेली-मानस या मनाच्या तक्रारींसाठीच्या सेवेचा १४४१६ हा फोन. तिन्ही फुकट. इथे या तिघांना तपासलं आहे ते एकाच कसोटीवर. जिवलग मैत्रिणींनी एकच दुखणं रोज उगाळत बसायची सवय या वयात लागते. ती सवय या सेवेमुळे सुटते, आहे तशीच राहते की आणखी घट्ट होते? लोहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड आणि हिमोग्लोबिनचा हिशेब या लेखात नाही.

ही कसोटी घेण्याचं कारण आहे. पोरगी मैत्रिणीशी तास-तास बोलते म्हणजे तिचं मन मोकळं होतं, असं घरचे धरून चालतात. मास्तर, आशाताई आणि कधीकधी समुपदेशकही तेच धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या अमांडा रोझ यांनी २००२ साली ६०८ शाळकरी मुलामुलींवरचा अभ्यास छापला आणि दोघांनी मिळून असं उगाळण्याला 'को-रुमिनेशन' हे वेगळं नाव दिलं. त्यांना दिसलं ते असं : जी मुलं हे जास्त करतात त्यांची मैत्री घट्ट असते आणि त्यांची उदासी, चिंताही जास्त असते. २००७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१३ मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतराने तपासलं. मुलींमध्ये उगाळण्याने मैत्रीही वाढली आणि उदासीही. उदासी आणि जवळीक वाढली की उगाळणंही वाढायचं. मुलग्यांत मैत्री वाढलेली दिसली, उदासीची तशी वाढ दिसली नाही. म्हणजे मुलींना या व्यवहारात एका हाताने मिळतं आणि दुसऱ्या हाताने जातं. मिळतं ते लगेच मिळतं, जातं ते हळूहळू, म्हणून लक्षात येत नाही.

हे अभ्यास तिकडच्या शाळांमधले आहेत, त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नयेत. पण उगाळण्याची लक्षणं त्यांनी जी दिली ती शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या बसमध्ये कुठल्याही संध्याकाळी ऐकू येतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. समोरचीने "अजून सांग न वं" म्हणत ती वाढवणं. असं का झालं असेल आणि आता काय काय होईल याचे तर्क लढवत राहणं. वाईट वाटण्यावरच बोट ठेवून बसणं. आणि खेळ, अभ्यास, काम बाजूला ठेवून हेच करणं. नमुना असा :

"तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाही वं."

"मंग काहून केलं असन तिनं असं?"

"मले त वाटते तिले कोनी तरी सांगतलं असन."

"असनच. आता साऱ्या वर्गात होईन ते."

चार वाक्यांत एक न पाहणं साऱ्या वर्गापर्यंत पोचलं. बस गावात यायला अजून पाऊण तास आहे. घरी गेल्यावर जेवण झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर हेच पुढे सुरू. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

असं का होतं, याची कारणं सेवा तपासताना लागतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. एक तर मन खिन्न असताना खिन्न आठवणीच आधी हाताला लागतात. बोलणं जितकं लांबतं तितके जुने अपमान नव्याला येऊन मिळतात, आणि भांडण एका दिवसाचं न राहता "माह्या संगं नेहमीच असं होते" इथवर जातं. दुसरं, उगाळण्यात वेळ जातो तो मन दुसरीकडे नेणाऱ्या कामातून काढलेला असतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या प्रयोगांत उदास लोकांना आठ मिनिटं स्वतःच्या मनःस्थितीकडे लक्ष द्यायला लावलं की उदासी टिकायची किंवा वाढायची. तेवढाच वेळ बाहेरच्या तटस्थ गोष्टींवर लक्ष लावलं की ती उतरायची. आठच मिनिटं. आपल्या बसचा प्रवास किती मिनिटांचा आहे ते ज्याचं त्याने मोजावं. तिसरं कारण सगळ्यांत दुर्लक्षित आहे : ऐकणारीलाही त्रास होतो. एकीची उदासी दुसरीत उतरते, आणि उतरण्याचा रस्ता हे उगाळणंच असतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. चौथं, यातून मैत्री घट्ट होते, त्यामुळे कोणी "पुरे आता" म्हणायला धजत नाही. जी म्हणेल ती वाईट मैत्रीण ठरते.

म्हणून पोरींना "बोलू नका" सांगणं हा उपाय नाही. बोलणं तोडलं की मैत्री तुटते, आणि खेड्यातल्या पंधरा वर्षांच्या पोरीजवळ मैत्रिणीशिवाय दुसरं असतं काय? बोलण्याचा दुसरा भाग बदलायचा असतो. काय झालं ते एकदा नीट सांगून झालं की गाडी "काहून"वरून "मंग आता काय" वर यायला हवी. सेवा चांगली की वाईट हे इथेच ठरतं.

आता एकेक सेवा.

साथिया गट राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. हा कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. कागदावरची रचना अशी : एका आशाच्या क्षेत्रात, म्हणजे साधारण हजार लोकवस्तीला, चार साथिया. दोन मुली, दोन मुलगे. प्रत्येकाने आपल्या वयाच्या पंधरा ते वीस मुलांचा गट करायचा आणि आठवड्यातून एकदा एक ते दोन तास बसायचं. विषय सहा : पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं, असंसर्गजन्य आजार. डिसेंबर २०१६ मध्ये साथियांसाठी एक संच निघाला. त्यात कृतिपुस्तिका, भ्रांती-क्रांती नावाचा खेळ, प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणि साथियाची डायरी आहे. महिन्याला उपकेंद्राच्या पातळीवर सगळ्या साथियांची बैठक व्हायची, ती नर्सबाईंनी घ्यायची. तीन महिन्यांनी गावात किशोर आरोग्य दिवस.

रचना म्हणून हे उत्तम आहे. पंधरा-वीस जणींचा गट हाच उगाळण्यावरचा मोठा उतारा. दोघी जिवलग जणी जितकं उगाळू शकतात तितकं पंधरा जणींत उगाळता येत नाही, कोणी तरी जांभई देतंच. भ्रांती-क्रांतीसारखा खेळ हातात असला की बोलण्याला दिशा असते. आणि साथिया गावचीच असल्याने भाषेचा अडसर नाही. नागपूरहून आलेल्या ताईंपुढे "मले कसंतरी वाटते" म्हणणारी पोरगी साथियापुढे नेमकं सांगते.

बिघडतं ते अंमलात, आणि ठरलेल्या चार ठिकाणी बिघडतं.

पहिलं, वीसचा गट पाचवर येतो. उरतात त्या साथियाच्याच गल्लीतल्या, तिच्याच वर्गातल्या, तिच्याच बसमधल्या मैत्रिणी. मग तो गट राहत नाही, बसमधल्याच गप्पांना सरकारी शिक्का मिळतो. हजेरी दहाच्या खाली गेली तर मानसिक आरोग्याचा विषय त्या दिवशी उघडू नये, खेळ घ्यावा. हा नियम आमचा आहे, पुस्तिकेतला नाही. पण पाळावा.

दुसरं, हंगाम. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, ऑक्टोबरपासून सोयाबीनची कापणी आणि मागोमाग कापसाची वेचणी. वेचणी जानेवारीपर्यंत चालते आणि त्यात पोरी लागतात. दुपारची बैठक या काळात भरतच नाही. त्याच महिन्यांत घरात पैशाचे वांधे, बोंडअळीचा घोर आणि दहावीच्या सराव परीक्षा एकावर एक येतात, म्हणजे गट लागतो तेव्हाच गट बंद. वेळ बदलून संध्याकाळची बस आल्यावर लगेच एक तास घेतला तर पोरी वाटेवरच सापडतात. दप्तर पाठीवर असतानाच. एकदा घरी गेल्या की चूल आणि भांडी, मग परत येत नाहीत.

तिसरं, जागा. अंगणवाडीची खोली चांगली, पण किल्ली सेविकेजवळ असते. समाजमंदिरात पारावरची माणसं डोकावतात. मुलग्यांच्या गटाला तर कोणी जागाच देत नाही, त्यांचा गट क्रिकेटच्या मैदानावर सुरू होतो आणि तिथेच विरतो. अर्थात मैदान वाईट नाही. मुलगे समोरासमोर बसून बोलत नाहीत, काही तरी करता करता बोलतात. त्यांना सतरंजीवर गोल बसवायचा अट्टाहास सोडलेला बरा.

चौथं आणि सगळ्यांत गंभीर : साथिया स्वतः. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला गावातल्या पंधरा पोरींची गुपितं वाहायला लावायची आणि तिची विचारपूस कोणीच करायची नाही, हे चुकीचं आहे. वर सांगितलं तसं उदासी ऐकणारीकडे सरकते. महिन्याच्या बैठकीत नर्सबाईंनी हजेरी आणि गोळ्यांचे आकडे घेण्याआधी साथियाला तीन प्रश्न विचारावेत : या महिन्यात ऐकलेलं कोणतं डोक्यातून जात नाही? झोप लागते का? कोणाची गोष्ट तुझ्याच्याने पेलत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ती गोष्ट साथियाकडून काढून वर न्यायची. हे दहा मिनिटांचं काम आहे. हे होत नाही म्हणून साथिया वर्षभरात गळतात. लग्न, कॉलेज आणि पुण्याचं काम ही गळतीची बाकीची कारणं आहेतच.

एक तासाची बैठक उगाळण्यात न जाऊ देण्याची जी पद्धत चालते ती थोडी सविस्तर सांगतो, कारण संचात विषय आहेत पण तासाची घडी ज्याने त्याने बसवायची आहे.

सुरुवातीची दहा मिनिटं अंग हलवणारा खेळ. लंगडी, खो-खोची एक पाळी, काहीही. दिवसभर बाकावर बसून आलेल्या पोरींना लगेच "आज कोणाला काय त्रास आहे?" विचारलं की तासभर त्रासच निघतो. मग पंधरा मिनिटं संचातला विषय. त्यानंतर चिठ्ठ्यांचा डबा. बिस्किटाचा रिकामा डबा चालतो. चिठ्ठीवर नाव नाही, सगळ्यांनी एकाच पेनाने आणि एकाच वहीच्या कागदावर लिहायचं. नाहीतर अक्षर आणि कागद ओळखू येतात. ज्यांना काही लिहायचं नाही त्यांनीही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे कोणी टाकली हे कळत नाही. त्यातून एका बैठकीत एकच चिठ्ठी काढायची. तीन काढल्या की एकीचाही निकाल लागत नाही आणि तिन्हींचं ओझं घेऊन पोरी घरी जातात. काढलेली चिठ्ठी साथियाने आधी मनात वाचायची. अंगाला हात लावण्याबद्दल किंवा मरण्याबद्दल असेल तर ती गटात वाचायची नाही, तिचं काय करायचं ते पुढे आहे.

त्या एका चिठ्ठीवर पाच मिनिटं फक्त घटना : काय झालं, कधी, कुठे. "तिनं असं काहून केलं असन" हा प्रश्न गटात बंद ठेवायचा, कारण जी समोर नाही तिच्या मनातलं कोणालाच माहीत नसतं आणि सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यावरच जातो. पुढची तीन-चार मिनिटं लांबून पाहायला लावायचं : हेच दुसऱ्या गावातल्या पोरीसंगं झालं असतं तर तिला तू काय सांगितलं असतंस? स्वतःच्या दुखण्याकडे थोडं लांबून पाहिलं की तीव्रता उतरते, हे प्रयोगांतून बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. त्यानंतर दहा मिनिटं "उद्या सकायी तू काय करशीन?" वर. उत्तर असं हवं की ते केलं की नाही हे पुढच्या आठवड्यात सांगता यावं. "मी टेन्शन घेणार नाही" हे उत्तर नव्हे. "मी उद्या मधल्या सुट्टीत तिला विचारीन" हे उत्तर आहे. "गणिताच्या सरांना शुक्रवारी दोन उदाहरणं विचारीन" हे उत्तर आहे. काहीच हातात नसलेली दुखणीही असतात. बापाचं पिणं, कर्ज, आईचा आजार. तिथे "काय करशीन"च्या जागी "कोनाले सांगशीन" आणि "आज रात्री तू कुठं बसशीन, काय करशीन" हे दोन प्रश्न येतात.

शेवटची पंधरा मिनिटं दुखण्याशी संबंध नसलेली. गाणी, मेंदी, मोबाइलवरचे रील पाहिले तरी हरकत नाही. शिक्षकांना हे वेळ वाया घालवणं वाटतं. पण ज्या मनःस्थितीत पोरगी उठते तीच घेऊन ती बसमधल्या मैत्रिणीला रात्री मेसेज करते, म्हणून बैठक कधी दुखण्यावर संपवायची नाही. पुढच्या आठवड्यात गेल्या वेळच्या गोष्टीला एक मिनिट : केलं का, काय झालं? तीच गोष्ट तिसऱ्यांदा तशीच आली तर गटाचं काम संपलं, ती समुपदेशकाकडे पाठवायची. डायरीत नाव लिहायचं नाही, आणि डायरी घरी न्यायची नाही, कारण साथियाला भाऊ असतो.

असा चालला तर साथिया गटाला पाचपैकी चार. हजेरीपुरता चालला तर दीड, कारण तो मग उगाळण्याची आणखी एक जागा होतो.

मैत्री क्लिनिकबद्दल थोडक्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी वैद्यकीय अधिकारी आणि नर्सबाई चालवतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र समुपदेशक असणं अपेक्षित आहे. मनाच्या तक्रारीसाठी जायचं असेल तर शक्यतो समुपदेशक असलेल्या ठिकाणी जावं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत एकाच डॉक्टरांसमोर ताप, साप, लसीकरण अशी रांग असते, तिथे "मले रडू येते" या तक्रारीला पाच मिनिटंही मिळत नाहीत. वार आणि वेळ आशाताईंना विचारूनच निघावं. बाजाराचा दिवस गाठला तर जायला-यायला गाडी मिळते आणि घरी सांगायला कारणही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

खिडकीवर "काय झालं?" विचारतात, आणि मागे गावातली माणसं उभी असतात. तिथे "मैत्री क्लिनिक, वजन आणि रक्त" एवढं पुरे. पुढचं आत सांगावं.

या सेवेची खरी मेख वेगळीच आहे. पोरी एकट्या येत नाहीत, जोडीने येतात. एकीला सोबत म्हणून दुसरी. समुपदेशकही दोघींना एकत्र बसवतो, कारण पोरगी एकटी बोलत नाही. मग मैत्रीण तिच्या वतीने सांगते, ही मान हलवते, आणि पंचवीस मिनिटं बसमधल्याच गप्पा टेबलाच्या अलीकडे-पलीकडे चालतात. योग्य क्रम असा : आधी पाच मिनिटं दोघी एकत्र, भीती जावी म्हणून. मग जिची तक्रार आहे ती एकटी. मैत्रीण बाहेर बसेल, पण तिला काही तरी हातात देऊन. शेवटी पुन्हा दोघी, आणि या वेळी फक्त एवढंच : सोबतच्या मैत्रिणीने आता काय करायचं. तिला सांगावं की हे दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं ऐक. मग दोघी मिळून दुसरं काही तरी करा. हे ऐकल्यावर मैत्रिणीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती समुपदेशकाने पाहण्यासारखी असते, कारण तिलाही हे थांबवायचं होतं, फक्त परवानगी नव्हती. समुपदेशक आपणहून असं करत नसेल तर पोरीने किंवा सोबतच्या ताईने "मले एकटीले बोलाचं हाय" म्हणावं.

गुण : समुपदेशक जागेवर असेल तर साडेतीन. रजेवर असेल तर अर्थातच काही नाही, आणि भाडं गेलं ते वेगळं. म्हणून निघण्याआधी फोन.

उरला १४४१६. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं, बंगळुरूची निम्हान्स ही संस्था त्याची मध्यवर्ती संस्था आहे. वीस भाषांत, चोवीस तास, पैसे कापले जात नाहीत. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६, तोही तिथेच जातो. लावल्यावर आधी यंत्राचा आवाज येतो, भाषा निवडायला सांगतो, मग प्रशिक्षित समुपदेशक. त्याच्या आवाक्यापलीकडचं असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य यंत्रणेकडे देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅपही आलं, पण घरात एकच फोन असलेल्या पोरीला अ‍ॅपचा काय उपयोग? बापाच्या फोनवर ते चिन्ह दिसलं की प्रश्न सुरू.

उगाळण्याच्या कसोटीवर ही सेवा पहिल्या नंबरची आहे, आणि कारण साधं आहे : समोरचा माणूस मैत्रीण नाही. त्याला "ती" कोण ते माहीत नाही, त्याला "तिच्या"बद्दल तर्क लढवण्यात रस नाही, आणि तुमच्याशी घट्ट मैत्री करायची त्याला गरज नाही. तो चौथ्या वाक्यालाच "झोप कशी आहे, जेवण कसं आहे, हे किती दिवस चाललंय" वर येतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांच्या कामाचा रोख हाच आहे की सहानुभूतीने बरं वाटतं, जवळीक येते, पण दुखण्याची धार बोथट व्हायला त्याच्याकडे नव्याने पाहावं लागतं. मैत्रीण पहिलं देते. फोनवरचा माणूस दुसऱ्याकडे नेऊ शकतो.

अडचणी गावाच्या आहेत. घरात रेंज नसते. गच्चीवर, शाळेच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ मिळते, आणि तिथे माणसंही असतात. वीस मिनिटांचा फोन मध्येच तुटला तर पुन्हा लावल्यावर दुसराच समुपदेशक येऊ शकतो. त्याला पहिल्यापासून सांगण्यात पोरी कंटाळतात. त्यावर उपाय : फोन लावण्याआधी तीन ओळी कागदावर लिहून ठेवाव्यात. काय होतंय, कधीपासून, आज काय हवंय. फोन तुटला की त्याच तीन ओळी वाचायच्या. टोल-फ्री आहे म्हणून रिचार्ज नसला तरी लागेलच असं धरू नये, मुदत संपून आउटगोइंग बंद असेल तर आशाताईंचा किंवा शाळेचा फोन घ्यावा. कॉलच्या यादीत नंबर राहतो हे खरं, पण तो पुसण्यापेक्षा "शाळेत दिलेला नंबर आहे, परीक्षेच्या टेन्शनसाठी" हे घरी आधीच सांगून ठेवणं सोपं पडतं. ते खोटंही नाही.

आणि स्पीकरवर टाकून तिघींनी मिळून फोन लावू नये. हे फार होतं. पोरी हसतात, समुपदेशकाला थट्टा वाटते, आणि जिला खरंच बोलायचं असतं ती गप्प राहते. मैत्रिणीने चार पावलांवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं, तेवढी मदत पुष्कळ.

चार गुण. रेंज चांगली असेल तर साडेचार.

तिन्ही सेवांच्या आधी एक रेघ ओढायला हवी, कारण सगळंच बोलणं उगाळणं नसतं. उदासी दोन आठवडे रोज टिकली, जेवण-झोप बिघडली, शाळा बुडायला लागली, तर तो गटाचा विषय राहत नाही. "मले जगाचंच नाही" असं कोणी म्हटलं, थट्टेत म्हटलं तरी, मैत्रिणीने ते गुपित म्हणून ठेवायचं नाही. त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं, तिला एकटं सोडायचं नाही, १४४१६ लावायचा, आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा शेजारच्या घरी हलवायचं. कापसाच्या घरात ते बहुधा दाराच्या मागेच असतं. लगेचचा धोका दिसला तर ११२ किंवा १०८. अंगाला हात लावण्याचा, छेडछाडीचा किंवा त्यापुढचा प्रकार असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. साथियाने आधीच गटाला सांगून ठेवावं की या दोन गोष्टी माझ्याजवळ गुपित राहणार नाहीत. ऐकल्यावर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा नंबरही चोवीस तास चालतो.

कोणी काय घ्यावं? बसमधल्या जोडीला, जिचं दुखणं भांडण, गुण, मैत्रीतली रुसवाफुगवी एवढंच आहे, तिला नीट चालणारा साथिया गट पुरतो. घरातल्या दुखण्यासाठी १४४१६ बरा, कारण गावात ते उघड झालं तर पोरीच्या आईला त्याची किंमत मोजावी लागते. दोन आठवड्यांच्या पुढचं आणि शरीरावर दिसायला लागलेलं असेल तर ग्रामीण रुग्णालयाचं मैत्री क्लिनिक, सोबत कोणी तरी मोठं. औषध सुरू करायचं झालं तर अल्पवयीन मुलीसाठी पालकांची संमती लागतेच, तेव्हा आईला पहिल्याच खेपेला नेलं तर दुसरी खेप वाचते.

यंदा गट नव्याने बसवणार असाल तर बस गावात कधी पोचते ते वाहकाला विचारून वेळ ठरवा, अंगणवाडीची दुसरी किल्ली सरपंचांकडून लेखी मागून घ्या, आणि वेचणी लागण्याआधी, म्हणजे सप्टेंबरातच, पहिल्या चार बैठका उरकून घ्या.